गुडघे, गाडी आणि वळसंगचा रस्ता

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर साधारण मध्यावर वळसंग लागतं. अशा गावात चित्र ठरलेलं: मुलं पुण्या-हैदराबादला, वडील गावी, आणि मोठा दवाखाना सोलापुरात. सत्तरीतल्या माणसाची गाडी सुटली की दर वेळी कुणाला तरी "जरा सोडतोस का?" विचारणं आलं. स्वाभिमानी माणसाला ते फार लागतं. मग त्यांना झेपेल अशी गाडी कोणती? मंडळी, उत्तर ब्रोशरपेक्षा इतिहासात लवकर सापडतं.

सुरुवात सोलापूरचीच. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिथूनच पुढे आपली फियाट आणि १९७०च्या दशकात पद्मिनी आली. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. बसायला ऐसपैस, पण पॉवर स्टिअरिंग नाही. उभी गाडी वळवायची म्हणजे दंड भरून यायचे!

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. चालवायला हलकी, पण ठेंगणी. उतरताना सगळा भार गुडघ्यांवर. तेव्हा घेणारे तरुण होते, चालून गेलं.

मग १९९८ला सँट्रो आणि १९९९ला वॅगन-आर. लोक हसले, "हा काय डबा?" वॅगन-आर मूळची जपानची, १९९३ची. तिथे छोट्या गाड्यांना कर कमी, पण लांबी-रुंदीला कायद्याची मर्यादा. मग जागा आणायची कुठून? वरून! छप्पर उंच झालं, सीट उंच झाली, माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसू लागला. कर वाचवायला केलेली युक्ती म्हाताऱ्या गुडघ्यांच्या कामी आली.

पुढेही तसंच. २०१४ला सेलेरिओमध्ये एएमटी आलं, ते शहरातल्या ट्रॅफिकला कंटाळलेल्यांसाठी. क्लच गेला आणि डावा गुडघा सुटला. जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, ज्यांची मान वळत नाही त्यांची सोय झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळे चांगले साइड इफेक्ट. ज्येष्ठांना डोळ्यांसमोर ठेवून यातलं काहीच झालेलं नाही.

म्हणूनच उलटंही होतं. एसयूव्हीची फॅशन आली आणि गाडीत बसण्याऐवजी चढावं लागायला लागलं. एसीची बटणं टचस्क्रीनमध्ये गेली, म्हणजे चालवता चालवता चष्म्यातून मेनू शोधा!

तेव्हा मॉडेलच्या नावापेक्षा एक साधी परीक्षा घ्या. दार उघडून सीटकडे पाठ करायची, न वाकता, न चढता टेकायचं, मग दोन्ही पाय आत वळवायचे. उतरताना उलट. पाच-सहा वेळा करून दम लागला नाही तर गाडी पास. मग स्टिअरिंग, आरसे, एसीची बटणं. डोळे मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्यायचेच. पंचावन्ननंतर परवाना दर ५ वर्षांनी नवा करावा लागतो, तो उगाच नाही.

आणि हो, ही परीक्षा तुम्ही द्यायची नाही. पैसे खुशाल तुम्ही भरा, पण शोरूममध्ये पहिल्यांदा त्यांना बसू द्या.