दिसते ते आणि साठते ते: संगणकावरच्या मराठीची गोष्ट

नवा संगणक घरी आला की आपण पडद्यावरचे चित्र बदलतो, आयकॉन लहान-मोठे करतो, नको ती सॉफ्टवेअर काढून टाकतो. मराठीची सोय करणे मात्र बहुतेक वेळा राहून जाते. मग घरच्यांना पाठवायचा मजकूर रोमन लिपीत जातो. ‘के ए एल’ अशी तीन अक्षरे वाचून पुण्यातल्या मावशीने काय समजायचे? काल, काळ, कल की कळ? ‘ळ’ तर त्या लिपीत मुळातच नाही. खरे तर मराठीची सोय तुमच्या यंत्रात आधीपासूनच बसलेली आहे. ती कुठे आहे आणि तशी का आहे, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

१९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत ‘जिस्ट’ नावाचे तंत्र आकाराला आले. मोहन तांबे यांचा त्यात मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि हे काम तिथे पुढे गेले. संगणकात एक कार्ड बसवायचे की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. यामागचा विचार साधा पण दूरचा होता: संगणकात अक्षराचा आकार साठवायचा नाही, उच्चार साठवायचा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण आपण म्हणतो आधी ‘क’. म्हणून साठवतानाही ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. ती डावीकडे नेऊन काढायचे काम यंत्राचे. हाच विचार ‘इस्की’ या संकेतप्रणालीत आला आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिच्या जोडीचा कळफलक म्हणजे इनस्क्रिप्ट. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’ची कळ मराठीत जी, तीच गुजरातीत आणि कन्नडमध्येही.

छपाईच्या धंद्याला मात्र एवढे थांबायला वेळ नव्हता. विंडोज आल्यावर श्रीलिपी, आकृती अशा फाँटांनी सोपी वाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या कप्प्यांत देवनागरीचे तुकडे बसवले: इथे काना, तिथे अर्धा ‘त’, पलीकडे रफार. पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलमध्ये साठे ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. शिवाय प्रत्येक कंपनीचे कप्पे वेगळे. वर्तमानपत्रे, पुस्तके, परदेशातल्या मंडळांचे अंक याच फाँटांवर निघाले. त्या काळाची ती गरज होती, पण त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

दरम्यान १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरून घेतलेली होती. ती घरगुती संगणकापर्यंत पोचायला जवळपास दशक गेले. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय आली. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. पुढच्या विंडोज एक्सपीत मात्र भारतीय लिपींची सोय आपल्याला मुद्दाम सुरू करावी लागे. प्रादेशिक सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करायची आणि इन्स्टॉलेशनची सीडी घालायची. ज्यांनी ते केले नव्हते त्यांना वेलांट्या अक्षराच्या मागे लोंबताना दिसत. फाइल ठीक असे, ती काढणारे यंत्रच झोपलेले असे.

आता सीडी लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडा आणि भाषांच्या यादीत मराठी जोडा. इनस्क्रिप्ट नको असेल तर विंडोज १० मध्ये २०१९ पासून ‘मराठी फोनेटिक’ कळफलकही आहे, त्यात रोमन अक्षरांवरून मराठी उमटते. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. फारसे कुणाला ठाऊक नसलेली आणखी एक सोय ‘अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मध्ये आहे: प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा. ती चालू केली की ऑफिसच्या ईमेलमध्ये इंग्रजी राहते, घरच्या पत्रात मराठी, आणि दर वेळी भाषा बदलावी लागत नाही. मॅकवरही कीबोर्डच्या ‘इनपुट सोर्सेस’मध्ये देवनागरी जोडता येते.

साठवणे आणि दिसणे यांतला फरक एकदा लक्षात आला की मराठीच्या खास अडचणीही सुटतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत केवढे अंतर! दुसऱ्या शब्दातला तो आडवा अर्धा ‘र’ इनस्क्रिप्टवर कसा काढायचा? शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग ‘य’साठी स्लॅश. शिफ्टसह ‘जे’ने उमटणारा नुक्त्याचा ‘ऱ’ मुळात द्राविडी भाषांतला उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी आहे, पण त्याचे अर्धे रूप आपल्या कऱ्हाडच्या कामी आले. आणि ‘ळ’? शिफ्टसह ‘एन’.

‘ॲ’चे तसेच. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागवत, आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळी. म्हणून जुन्या फाइलीत एखादा शब्द शोधून सापडत नसेल तर दुसऱ्या रूपानेही शोधून पाहा, किंवा ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळी एकसारखी करून घ्या.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, अशी तक्रार अनेकांची असते. तिथे गोष्ट उलटी आहे: साठवण एकच, रूपे दोन. काही फाँटांमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी ठरवली की मराठी वळण उमटते. लिबरऑफिसमध्ये नोटो देवनागरी फाँट घेऊन हे करून पाहा.

आता एक काम, जे लांबणीवर टाकण्यासारखे नाही. तुमच्या घरात किंवा मंडळाच्या कपाटात नव्वदच्या दशकातल्या सीडी, फ्लॉपी, जुने संगणक असतील. वडिलांनी टाइप केलेल्या आठवणी, एखाद्या एकांकिकेची संहिता, जुन्या अंकांचा मजकूर. आज ती फाइल उघडली तर कडबोळे दिसेल, पण म्हणून ती पुसू नका. तिला कोणता फाँट लावला आहे ते नाव आधी लिहून ठेवा, ती त्या कुलपाची किल्ली आहे. तो फाँट असलेला संगणक चालू आहे तोवर फाँटची फाइल काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि मजकुराची पीडीएफ करून घ्या. पीडीएफने रूप वाचते, आतली साठवण कडबोळेच राहते. म्हणून मूळ फाइलही जपा आणि त्या फाँटसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. नंतर पीडीएफ शेजारी ठेवून एकदा सावकाश वाचा, विशेषतः रफार, आडवा ‘र’ आणि जोडाक्षरे, कारण परिवर्तक तिथेच अडखळतात. हे वाचन करायला मराठी वाचणाराच लागतो. घरात तो कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे.