गोबर गॅसचा इतिहास आणि आपला गावगाडा

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजगाद्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु चूल हीदेखील इतिहासाची वस्तू आहे. कोणत्या घरात काय जळत होते, ते कोणी गोळा केले आणि त्याचा धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, हे प्रश्न विचारले म्हणजे गावगाड्याची पुष्कळ हकीकत हाती लागते. आज आम्ही ज्या इंधनाची कथा सांगणार आहोत, ते गोबर गॅस या नावाने आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र आपल्याकडे त्याचा आरंभ गोठ्यात झाला नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसेल.

तो झाला मुंबईत, माटुंग्यास. तेथे १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रम उभा राहिला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठ्यांचे पोवाडे जमवून छापणारे अ‍ॅक्वर्थसाहेब ते हेच. या आश्रमातील मैला एका बंद टाकीत कुजवून त्यापासून निघणाऱ्या वायूवर १८९७ मध्ये दिवे लावण्यात आले. पुढे त्याच वायूवर एंजिनही चालविले गेले. समाजाने ज्यांना वेशीबाहेर घातले, त्यांच्या वस्तीत ही ज्योत प्रथम पेटली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

या ज्योतीचे शास्त्र तसे सोपे आहे. जेथे हवा पोहोचत नाही अशा ठिकाणी शेण किंवा मैला कुजू लागला, म्हणजे सूक्ष्म जंतू त्यातून मिथेन नावाचा ज्वलनशील वायू निर्माण करतात. गोबर गॅसमध्ये निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शेणाची गोवरी थापली तर एकदा जळून तिची राख होते. तेच शेण टाकीत घातले तर गॅसही मिळतो आणि नत्र शिल्लक असलेली मळी शेताला खत म्हणून मिळते. चूल आणि शेत यांच्यामध्ये शेणावरून चालत आलेला जुना तंटा यामुळे मिटतो. आपल्या शास्त्रज्ञांना मोह पडला तो याच गोष्टीचा.

दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून गॅस काढण्याचे प्रयोग केले. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र तयार केले. गॅस साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते; किती शिल्लक आहे हे घरच्या बाईला नुसत्या नजरेने कळते. याच धर्तीच्या संयंत्राचा प्रसार १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने हाती घेतला आणि गावोगावी शेणकाला कालवला जाऊ लागला.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु हिशेब मांडला म्हणजे अडचण दिसू लागते. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस निघतो. चारपाच माणसांचा स्वयंपाक व्हावयाचा तर रोज दोन घनमीटर गॅस लागतो, म्हणजे ५० किलो शेण, म्हणजे गोठ्यात चारपाच जनावरे! शिवाय शेणाइतकेच पाणी. ज्याच्या दारी एवढे पशुधन आहे तो मुळात सुखवस्तू शेतकरी. ज्या भूमिहीन मजुराची बायको रस्त्यावरचे शेण पाटीत गोळा करून गोवऱ्या लावीत होती, तिच्या चुलीचे काय? शेणाला किंमत आली, म्हणजे ते रस्त्यावर पडून राहणार नाही, हे उघड आहे. धूर एका घरातून निघाला, परंतु शेजारच्या झोपडीतली पाटी रिकामी राहण्याची वेळ आली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारचे लक्ष या इंधनाकडे वळले. लोखंडी टाकी गंजते आणि महाग पडते, म्हणून १९७८ मध्ये विटांच्या स्थिर घुमटाचे 'जनता' आणि १९८४ मध्ये त्याहून स्वस्त 'दीनबंधू' संयंत्र पुढे आले. १९८१-८२ पासून राष्ट्रीय योजनाच सुरू झाली. अनुदानामुळे संयंत्रे बांधली गेली. पण घुमटाला चीर गेली, नळीत पाणी साचले किंवा जनावरे विकली गेली, की पुष्कळ ठिकाणी ती बंद पडली. नावे दीनांची होती. परंतु दीनांच्या दारी जनावरे नव्हती आणि गावात दुरुस्ती करणारा नव्हता.

या कोड्यातून निघण्याची एक वाट देहूने दाखविली. १९६० च्या सुमारास डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर तेथे आरोग्याधिकारी म्हणून आले. रोगाचे मूळ उघड्यावरच्या घाणीत आहे हे ओळखून त्यांनी संडासांचा ध्यास घेतला, आणि पुढे संडासालाच गॅसची टाकी जोडली. शेण पवित्र, त्याचा गॅस चालतो. मैल्याच्या गॅसवर भाकरी कशी भाजावी, हा लोकांचा प्रश्न होता. डॉक्टर वर्षानुवर्षे लोकांना समजावीत राहिले. ज्याच्याकडे जनावर नाही त्याच्याकडेही संडास असू शकतो, आणि अनेक घरे मिळून टाकी चालवू शकतात. एका घरच्या मैल्यावर स्वयंपाक भागत नाही हे खरे; परंतु शेण थोडे असले तरी त्याला जोड मिळते. डॉक्टर २०१५ मध्ये निवर्तले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता याच वायूवर इंधन-घट चालविण्याची भाषा ऐकू येते. इंधन न जाळता हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज काढणारा हा घट विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारासच दाखविला होता. गोबर गॅसमधील गंधकयुक्त वायू त्याला विषासारखा बाधतो, म्हणून गॅस आधी शुद्ध करावा लागतो. हे शास्त्राला अशक्य नाही, आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु लोखंडी टाकीला गंज चढला तेव्हा जो प्रश्न होता, तोच येथेही येणार आहे: हा घट बिघडला तर गावात तो दुरुस्त करणारा कोण, आणि त्याची वीज कोणाच्या घरी जाणार?

माटुंग्याच्या आश्रमात जे जमले ते घरोघरी नेण्यास आपल्याला शतकही अपुरे पडले. त्यात रसायनशास्त्राचा दोष थोडा होता. तेव्हा नवे यंत्र गावात येईल त्या दिवशी त्याच्या क्षमतेबरोबरच, गावच्या शेवटच्या घरातली चूल कशावर पेटते, याचीही चौकशी आपण करू या.