पाठीवर बिऱ्हाड, शेजारी समुद्र: अमेरिकेतील निवृत्तांच्या हिवाळी प्रवासाची शंभर वर्षे

१/१४
मिशिगन-ओहायोकडे बर्फ साचू लागला की असंख्य वृद्ध दांपत्ये घराला कुलूप लावतात आणि स्वयंपाकघर, बिछाना, स्नानगृह असे सारे पोटात सामावलेली गाडी घेऊन दक्षिणेची वाट धरतात. मुक्काम फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, परतणे वसंतात. या हंगामी प्रवाशांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात आणि त्यांच्या गाडीला ‘आरव्ही’. ही दोन माणसांची खासगी हौस वाटते. तिचा इतिहास मात्र रस्ते, तुरुंग, निवृत्तिवेतन आणि वादळे यांतून गेलेला आहे. त्याविषयी हा धागा.

२/१४
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लोरिडाचा हिवाळा श्रीमंतांच्या मालकीचा होता. रॉकफेलरचा भागीदार हेन्री फ्लॅग्लर याने पूर्व किनाऱ्याने आलिशान हॉटेले बांधत आणि लोहमार्ग टाकत १८९६ मध्ये मायामी गाठले. सामान्य माणसाच्या आयुष्यात ‘निवृत्ती’ नावाचा टप्पाच नव्हता. शरीर थकेपर्यंत काम करायचे आणि त्यानंतर मुलांच्या आश्रयाला जायचे, हीच रीत होती. मुले नसतील तर अनेकांच्या नशिबी अनाथगृहासारखे सरकारी दरिद्रालय येई.

३/१४
ही चौकट प्रथम मोटारीने मोडली. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणारी फोर्डची ‘मॉडेल टी’ १९२० च्या दशकात ३०० डॉलरच्या आत आली. तिच्यासाठी रस्ता हवा होता. इंडियानापोलिसचा उद्योजक कार्ल फिशर याने १९१४ मध्ये उत्तरेला मायामीशी जोडणाऱ्या ‘डिक्सी हायवे’ची कल्पना मांडली. त्यामागे त्याचा स्वार्थही होता. मायामी बीचवरील दलदल भरून काढलेले भूखंड त्याला विकायचे होते.

४/१४
दक्षिणेतील अनेक रस्ते साखळदंडांनी जखडलेल्या कैद्यांनी बांधले आणि त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती. त्यांना पकडण्यासाठी वापरला जाणारा एक सोयीचा गुन्हा म्हणजे ‘भटकेगिरी’. कामधंद्याचा पुरावा न देता हिंडणारा माणूस या कायद्याने गुन्हेगार ठरे. एकाच प्रदेशात निर्हेतुक भटकणे एकाला तुरुंगात नेई आणि त्याच्या श्रमांतून झालेल्या रस्त्यावर दुसऱ्याची सहल ठरे.

५/१४
हा कायदा गोऱ्या गरिबालाही सोडत नसे. १९२१ च्या हिवाळ्यात नॉर्थ डकोटाचा २२ वर्षांचा शेतकरीपुत्र मार्टिन टॅबर्ट विनातिकीट रेल्वेप्रवास केल्यामुळे फ्लोरिडात पकडला गेला. दंड २५ डॉलरचा होता. त्याला लाकूड कंपनीच्या छावणीत भाड्याने देण्यात आले आणि १९२२ च्या आरंभी मुकादमाच्या चाबकाखाली त्याचा अंत झाला. देशभर उठलेल्या संतापामुळे १९२३ मध्ये फ्लोरिडाने कैदी खासगी कंपन्यांना भाड्याने देणे बंद केले. रस्त्यांवरील साखळदंड मात्र राहिले.

६/१४
याच काळात, १९१९ साली, टॅम्पा शहरातील डी सोटो पार्कमध्ये तंबू ठोकून राहिलेल्या मोटारप्रवाशांनी एक संघटना स्थापन केली: ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाख देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण होती. तळ स्वच्छ ठेवणे, सभ्य करमणूक आणि परस्परांना मदत हे त्यांचे नियम होते. त्यांत शेतकरी, कारागीर आणि छोटे दुकानदार होते. अनेकजण उतारवयाचे होते. हिवाळ्यात ते फ्लोरिडात आणि उन्हाळ्यात मिशिगनमध्ये जमत.

७/१४
शहरांना हे पाहुणे हवे होते आणि नकोही होते. ‘हे लोक एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन येतात आणि जाईपर्यंत दोन्ही बदलत नाहीत’, अशी थट्टा तेव्हा प्रचलित होती. श्रीमंतांसाठी फ्लोरिडाने १९२४ मध्ये राज्यघटनेतच तरतूद करून आयकर आणि वारसाकरावर बंदी घातली. टॅम्पाचे तळ मात्र याच सुमारास डबेवाल्यांना बंद झाले. त्यांचे मेळावे पुढे अर्केडिया, सारासोटा अशा गावांत भरू लागले.

८/१४
तंबूची जागा चाकांवरच्या घराने घेतली ती एका पावसामुळे. डेट्रॉईटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी १९२९ मध्ये कुटुंबासाठी घडीचा तंबू-ट्रेलर विकत घेतला. तो उभारीपर्यंत सारे भिजून चिंब झाले. त्यांनी भक्कम भिंतींचा ट्रेलर बनवून घेतला. मुलांनी त्याला जुन्या वसाहतकाळातील छकड्याचे नाव दिले, ‘कव्हर्ड वॅगन’. १९३६ पर्यंत त्यांची कंपनी या धंद्यात सर्वांत मोठी झाली. वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील, असे भाकीत अर्थपंडित रॉजर बॅब्सन याने तेव्हा केले होते. ते खोटे ठरले.

९/१४
गाडी आली, रस्ता आला. आता हवे होते पोटापुरते उत्पन्न. महामंदीत म्हाताऱ्यांची बचत बुडाली होती. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाँग बीचचे वृद्ध डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांनी योजना मांडली: साठीपुढील प्रत्येकाने काम सोडावे, सरकारने त्याला दरमहा २०० डॉलर द्यावेत आणि त्याने ते महिन्याच्या आत खर्च करावेत. हिशेब जुळणारा नव्हता, तरी लाखो वृद्ध या चळवळीत आले. म्हाताऱ्या माणसाने निवांत राहावे आणि त्यातच समाजाचे हित असावे, हा विचार राजकारणात आला.

१०/१४
टाउनसेंड यांची योजना संमत झाली नाही. पण त्या दबावाच्या वातावरणात ‘सोशल सिक्युरिटी’चा कायदा १४ ऑगस्ट १९३५ रोजी झाला. पासष्टीनंतर निवृत्तिवेतन मिळू लागले. जानेवारी १९४० मध्ये मासिक वेतनाचा पहिला धनादेश व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांनी एकूण भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. त्या शंभर वर्षे जगल्या.

११/१४
या कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना वगळले होते. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन कामांत होते. त्यांना हे वेतन मिळू लागले ते १९५० च्या दशकातील दुरुस्त्यांनंतर. रस्ताही त्यांना खुला नव्हता. कोणत्या गावात जेवण आणि निवारा मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका हार्लेमचे टपालवाहक व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काढली, ती याचसाठी. समुद्रही वाटून घेतलेला होता. १९३५ मध्ये विमा उद्योजक ए. एल. लुईस यांनी जॅक्सनव्हिलजवळ ‘अमेरिकन बीच’ वसवला, तेव्हा कृष्णवर्णीयांना हक्काची वाळू मिळाली. सर्वांसाठी कायदा बदलायला १९६४ उजाडले.

१२/१४
या प्रवासाचे दक्षिण टोक म्हणजे की वेस्ट. फ्लॅग्लरचा समुद्रावरचा लोहमार्ग तेथे १९१२ मध्ये पोहोचला. २ सप्टेंबर १९३५ च्या चक्रीवादळाने तो उद्ध्वस्त केला. चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मोठ्या संख्येने पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक होते. मंदीत बेकार झालेल्या या सैनिकांना सरकारने त्या बेटांवर रस्तेबांधणीला पाठवले होते. सुटकेची रेल्वेगाडी निघायला उशीर झाला आणि लाटेने तिचे डबे उलटवले. पुढे रेल्वेच्या त्याच पुलांवर रस्ता होऊन १९३८ मध्ये खुला झाला. आज दोन्ही बाजूंचा निळा समुद्र पाहत जाणारी दांपत्ये या आठवणीवरूनच जातात.

१३/१४
युद्धानंतर सारे धागे जुळले: कारखान्यांची निवृत्तिवेतने, १९५६ चा महामार्ग कायदा, १९६५ चा ज्येष्ठांचा ‘मेडिकेअर’ आरोग्यविमा. १९६६ पासून आयोवाच्या विनेबॅगो कंपनीने कारखान्याच्या पट्ट्यावर तुलनेने स्वस्त मोटरहोम बनवायला सुरुवात केली. फोर्डच्या पत्र्याच्या डब्यापासून येथवर यायला साधारण अर्धे शतक लागले. निवृत्त कामगाराला त्या काळी एक हिवाळा समुद्राकाठी काढता येऊ लागला, ही त्याच्या काटकसरीइतकीच सार्वजनिक व्यवस्थेचीही कमाई होती.

१४/१४
ही कमाई कायमची नाही. २००८ च्या मंदीनंतर घरे आणि बचत गमावलेले अनेक वृद्ध तशाच गाड्यांत राहू लागले, ते गोदामांत आणि छावण्यांत हंगामी मजुरी करण्यासाठी. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकाचा तोच विषय. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इयन’ चक्रीवादळाने फोर्ट मायर्स बीचवरील आरव्ही तळही पुसून टाकले. रस्त्याकडेला उभ्या दोन गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात. एकीतले दांपत्य हिवाळा संपला की घरी जाणार असते. दुसरीतल्याला परतायला घर नसते. वृद्धापकाळाची विश्रांती कोणाच्या हक्काची, हा १९३३ चा प्रश्न तिथे अजून उभा आहे.