कोल्हापुरात न पोचलेल्या डॉक्टरीणबाई

आम्ही गारगोटीच्या बचत गटाच्या बायका. एका मासिक बैठकीत आमच्यापुढे कर्जाचे दोन अर्ज आले. एक म्हशीसाठी, दुसरा मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. म्हशीचा अर्ज पाच मिनिटांत मंजूर झाला. नर्सिंगवर तासभर बोलणं चाललं. मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. एक मावशी म्हणाल्या, "म्हैस दूध देते. शिकलेली पोरगी सासरी जाते."

आमच्या मनात भीतीही होती. आधी एका मुलीला आम्ही वर्षभराच्या 'नर्स' कोर्ससाठी पैसे दिले होते. हातात प्रमाणपत्र आलं, पण नर्सिंग परिषदेत नोंदणी होईना, कारण कोर्सला मान्यताच नव्हती. गटाचे पैसे फिटले, पोरीचं वर्ष मात्र गेलं.

म्हणून ठरवलं, आपल्याच जिल्ह्यात पूर्वी बायका या वाटेला कशा लागल्या ते आधी वाचू.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना ठाऊक आहेत. जन्म 1865 चा. चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं आणि मूल दहा दिवसांत गेलं. बाईला बाईच डॉक्टर हवी, हे त्यांना तिथंच उमगलं. पण त्या एकदम बोटीत बसल्या नाहीत. आधी इंग्रजी शिकल्या. अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी पत्रव्यवहार जुळला. 1883 मध्ये सेरामपूरच्या कॉलेजात उभं राहून आपण परदेशी का जातो हे लोकांना सांगितलं, आणि मग निघाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून 1886 मध्ये डॉक्टर झाल्या.

त्यांना नोकरी मिळाली होती आपल्या कोल्हापूर संस्थानात. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाचं काम त्यांच्याकडे यायचं होतं. आजचं सीपीआर ते हेच. पण त्या क्षयानं खंगून परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. कोल्हापूरच्या बायका वाट बघत राहिल्या.

पुढे त्याच दवाखान्यात कृष्णाबाई केळवकर डॉक्टर म्हणून आल्या. त्यांच्या आई रखमाबाई कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम बघत. लेक आधी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि मग मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकली. पुढच्या शिक्षणासाठी तिला परदेशी पाठवायला शाहू महाराज पाठीशी उभे राहिले. एकीमागे पत्र लिहिणारी परकी बाई होती, दुसरीमागे आई आणि राजा. हुशारी दोघींकडे होती, पण आधार देणारं माणूसही होतं.

गारगोटीलाही या गोष्टीत जागा आहे. इथलं मौनी विद्यापीठ उभं करणारे जे. पी. नाईक शिक्षणतज्ज्ञ म्हणून देशाला माहीत आहेत. त्यांनी आयुष्याच्या शेवटी 'सर्वांसाठी आरोग्य' या अहवालाच्या कामातही मोठा वाटा उचलला. आरोग्याची सुरुवात मोठ्या दवाखान्यापासून नको, गावापासून हवी, हा त्यातला विचार. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच करून दाखवलं. कमी शिकलेल्या गावच्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. 2005 नंतर आशाताई आल्या, त्यांचं काम तर आपण रोज बघतो.

हे वाचून झाल्यावर आम्ही एका रविवारी कॉलेजच्या मुलींना बोलावलं. सोबत एक परिचारिका, एक लॅब टेक्निशियन आणि एक आशाताई होत्या. मुलींना वाटत होतं, नीट दिली नाही म्हणजे दवाखान्याचं दार बंद. तसं नाही. जीएनएम नर्सिंगला बारावी कला शाखेच्या मुलीही जाऊ शकतात. बीएस्सी झालेलीला प्रयोगशाळेची वाट आहे. बीए झालेलीला एमएसडब्ल्यू करून रुग्णालयात समाजसेवकाचं काम करता येतं. काही संस्था कुठल्याही पदवीधराला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण देतात. परिचारिका ताईंनी एकच गोष्ट तीनदा सांगितली: फी भरण्याआधी संस्थेचं नाव महाराष्ट्र नर्सिंग परिषदेच्या यादीत शोधा, आणि रात्रपाळी, रक्त, मरण हे झेपेल का ते घरी बसून ठरवू नका, चार दिवस दवाखान्यात जाऊन बघा.

त्या मुलीनं तसंच केलं. तालुक्याच्या दवाखान्यात आठवडाभर परवानगीनं बसली. पहिल्या दिवशी चक्कर आली, दुसऱ्या दिवशी परत गेली. यादीतलं नाव आम्ही स्वतः तपासलं आणि कर्ज मंजूर केलं. ठरावावर पहिली सही म्हशीचं बोलणाऱ्या मावशींची होती. त्या म्हणाल्या, "सासरी गेली तर तिथल्या बायकांना उपयोगी पडेल. त्याही बायकाच की."

तुमच्याही गटात असा अर्ज आला तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. कागद बघा, पोरीला दवाखाना दाखवा, मग सही करा. आमचं म्हशीचं कर्ज फिटलं. नर्सिंगचं फिटायला अजून दीड वर्ष आहे, आणि आजवर एकही हप्ता चुकलेला नाही.