नेपल्सचीं अनाथ लेकरें आणि त्यांचें गायन

ज्युबिलीसारख्या मंगल प्रसंगीं देवळांत गायन सुरू झालें म्हणजे आपलें अंतःकरण भरून येतें. परंतु गाणाराचा कंठ कोणीं घडविला व त्यापायीं कोणास काय सोसावें लागलें, हा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं. युरोपच्या इतिहासांत हा विचार करावयास लावणारें एक शहर आहे. तें म्हणजे इटलीच्या दक्षिणेकडील नेपल्स. इ. स. १६०० ते १७५० या सुमाराच्या ज्या संगीतास ‘बरोक’ म्हणतात, त्याचे कित्येक श्रेष्ठ गायक व रचनाकार या शहरांतील अनाथगृहांत वाढले.

सोळाव्या शतकांत नेपल्स स्पेनच्या राजाच्या अमलाखालीं होतें. शहर अफाट वाढलें होतें, आणि आईबापांवांचून पोरकीं झालेलीं मुलें रस्त्यांत भीक मागत हिंडत. त्यांची दया येऊन धर्मशील लोकांनीं चार आश्रम उघडले. सांता मारिया दि लोरेतो हा १५३७ सालीं, सांत ओनोफ्रिओ १५७८ सालीं, पिएता देइ तुर्किनी १५८३ सालीं आणि ‘येशू ख्रिस्ताचे गरीब’ या नांवाचा चौथा आश्रम १५८९ सालीं निघाला. तुर्किनी हें नांव मुलांच्या निळ्या पोषाखावरून पडलें. या घरांस ‘कोन्सेर्वातोरिओ’ म्हणत, म्हणजे जतन करण्याची जागा. आज जगभर संगीतविद्यालयास हेंच नांव चालतें. परंतु मूळ अर्थानें जतन करावयाचें होतें तें संगीत नव्हे, तर मूल.

आरंभीं तेथें अन्नवस्त्र, प्रार्थना, अक्षरओळख व एखादा धंदा एवढेंच मुलांस मिळे. सतराव्या शतकांत संगीतशिक्षण पुढें आलें. गावयास शिकलेलीं मुलें देवळांतील उपासनेस, मिरवणुकींस व प्रेतयात्रांस पाठविलीं जाऊं लागलीं, आणि त्याबद्दल मिळणारा पैसा आश्रमाच्या खर्चास येऊं लागला. एखाद्याचें तान्हें बाळ वारलें तर लहान मुलांस देवदूतांचा वेष देऊन त्याच्या शवापाशीं बसवीत. पुढें कीर्ति पसरल्यावर फी देऊन राहणारे विद्यार्थीही आले. इतरांस ठराविक वर्षें आश्रमाचें काम करण्याच्या करारानें बांधून घेत. मोठ्या मुलांनीं धाकट्यांस शिकवावें, असा प्रघात होता.

शिक्षण मात्र खरोखर उत्तम होतें. फ्रांचेस्को दुरान्ते व लेओनार्दो लेओ यांसारखे रचनाकार या घरांत गुरु होते. निकोला पोर्पोरा हा ‘येशू ख्रिस्ताच्या गरिबां’त शिकला व पुढें सांत ओनोफ्रिओमध्यें शिकवूं लागला. त्याच ‘गरिबां’च्या आश्रमांत वाढलेल्या पेर्गोलेझीनें व्याकुळ मातेचें स्तोत्र स्वरबद्ध केलें, आणि १७३६ सालीं वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षीं तो देवाघरीं गेला.

त्या काळीं कंठ कसा घडवीत, याचें चांगलें वर्णन बोन्तेंपी नांवाच्या गायकानें १६९५ सालीं लिहून ठेविलें आहे. तें रोम येथील विर्जिलिओ माझ्झोक्की यांच्या शाळेचें आहे. सकाळीं एक तास अवघड स्वरपंक्ति गाण्यांत, एक तास ट्रिल नांवाच्या स्वरकंपनांत, एक तास तानांत, एक तास वाङ्मयाच्या अभ्यासांत आणि एक तास गुरूसमोर आरशांत पाहून गाण्यांत जाई. आरसा अशासाठीं कीं, गातांना कपाळास आठी पडूं नये वा तोंड वेडेंवांकडें होऊं नये. दुपारीं संगीतशास्त्र, स्वरास स्वर जोडण्याची विद्या, पुन्हां वाङ्मय, शिवाय वाद्यवादन व स्वतः रचना करणें. कधीं कधीं मुलें शहराच्या वेशीबाहेर जात, आणि टेंकडीवरून येणारा आपलाच प्रतिध्वनि ऐकून आपले दोष ओळखीत.

गवयास रचना कशाला शिकवावयाची, असें कोणी विचारील. बरोक गीताचा पहिला भाग शेवटीं पुन्हां गावयाचा असे, आणि त्या वेळीं गवयानें आपल्या बुद्धीनें तो अलंकारांनीं सजवावा, अशी अपेक्षा असे. आपल्याकडील गवई चीज घेऊन तिचा विस्तार करितो, कांहींसें तसेंच हें होय. खालचा आधारस्वर ज्यास कळत नाहीं, त्याचे अलंकार चुकतात. म्हणून कंठाबरोबर बुद्धीही घडवावी लागे.

१७७० सालीं चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतपंडित सांत ओनोफ्रिओ आश्रम पाहावयास गेला. एकाच खोलींत सातआठ हार्प्सिकॉर्ड, कित्येक व्हायोलिनें व गाणारीं मुलें, प्रत्येकाची चीज निराळी, प्रत्येकाचा सूर निराळा, असा गोंगाट त्यास आढळला. मुलांच्या खाटा हींच त्यांचीं आसनें. हिंवाळ्यांत उजाडण्यापूर्वीं दोन तास उठावयाचें, आणि जेवणाचा दीड तास सोडून रात्रीं आठपर्यंत मेहनत करावयाची. त्याच घरीं वरच्या मजल्यावर सोळा मुलें उबदार खोल्यांत निराळीं ठेविलीं होतीं. त्यांस सर्दी होऊं नये, हा हेतु.

त्या सोळा मुलांविषयीं लिहितांना लेखणी अडखळते, परंतु हें लपविणें इतिहासास व आपल्या धर्मास शोभणारें नाहीं. देवळांतील गायनमंडळांत स्त्रियांस मज्जाव होता, मुलाचा आवाज तर चारसहा वर्षांत फुटतो. म्हणून आवाज फुटण्यापूर्वींच शस्त्रानें मुलाचें पुरुषत्व नष्ट करीत. अशा गायकांस ‘कास्त्राती’ म्हणत. पोर्पोराचा शिष्य फारिनेल्ली त्यांत अग्रगण्य. १७३७ पासून तो स्पेनच्या राजाच्या पदरीं होता. परंतु फारिनेल्ली एखादाच. बहुतेकांच्या वांट्यास ना कीर्ति आली, ना संसार. या कृत्यास कायद्यानें व धर्मानें बंदी होती. तरीही नाटकगृहांनीं, देवळांनीं व प्रत्यक्ष पोपमहाराजांच्या गायनमंडळानें त्याचें फळ स्वीकारलें. हें कृत्य कोठें घडतें, असें बर्नीनें गांवोगांव विचारलें, तेव्हां प्रत्येक गांवानें दुसऱ्या गांवाकडे बोट दाखविलें! ज्या पापाचा लाभ सर्वांस हवा असतो, त्याचा धनी कोणीच होत नाहीं.

पुढें हे आश्रम ओसरले. ‘गरिबां’चा आश्रम १७४३ सालीं बंद होऊन तेथें सेमिनरी झाली. लोरेतो व सांत ओनोफ्रिओ १७९७ सालीं एक झाले, आणि १८०७ सालीं उरलेलें सर्व एका राजकीय विद्यालयांत विलीन झालें. संत पायस दहावे यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संत सेसिलियाच्या सणादिवशीं, देवळांतील उंच स्वर मुलांनींच गावे असें फर्मावलें. पोपमहाराजांच्या गायनमंडळांतील अखेरचा कास्त्रातो, अलेस्सांद्रो मोरेस्की, १९२२ सालीं निवर्तला.

परंतु विद्या नष्ट झाली नाहीं. स्वित्झर्लंडांत बाझल येथें १९३३ सालीं जुन्या संगीताची शाळा निघाली. फ्रान्समध्यें विल्यम ख्रिस्ती यांनीं २००२ सालीं तरुण व्यावसायिक गायकांसाठीं बरोक गायनाचा वर्ग सुरू केला. आज फारिनेल्लीचीं गीतें स्त्रिया गातात, आणि उंच स्वर साधलेले पुरुषही गातात. शस्त्राची गरज कोणास भासत नाहीं. म्हणजे सौंदर्य होतें तें त्या मेहनतींत. क्रौर्य अपरिहार्य नव्हतें; तें केवळ सोयीचें होतें.

सारांश, नेपल्सच्या त्या घरांनीं आरंभीं मुलासाठीं गाणें शिकविलें, व पुढें गाण्यासाठीं मूल वापरलें. या दोहोंमधील सीमा फार बारीक आहे, आणि ती ओलांडणारे बहुधा भले लोकच होते. गायनमंडळ असो, शाळा असो वा वसतिगृह असो, ज्याच्या हातीं लेकरें सोंपविलीं आहेत त्यानें आपणांस वारंवार विचारावें : आम्ही येथें कोणाचें जतन करीत आहों? त्या मुलांची आठवण ठेवून गाइलेलें स्तोत्र देवास अधिक प्रिय होईल, अशी आमची श्रद्धा आहे.