जे पक्षी दवाखान्यात पोचलेच नाहीत

संशोधनाचा आराखडा लिहिताना आपण पहिल्यांदा काय शोधतो? तयार नोंदी. मीही तेच केलं. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवरच्या, म्हणजे तिथल्या गवताळ माळरानांवरच्या शिकारी पक्ष्यांचा इतिहास वाचायचा, तर जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यांच्या नोंदी हाताशी आहेतच की! मिनेसोटा विद्यापीठाचं ‘रॅप्टर सेंटर’ 1974 पासून असे पक्षी बरे करून सोडतंय. अशा नोंदी कामाच्या असतातच. शिशाचे छर्रे लागलेली बदकं खाऊन गरुड मरतात, हे आजारी गरुडांमुळेच ठळक झालं आणि 1991 पर्यंत अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद झाले.

पण आता स्वेन्सन्स हॉकची गोष्ट बघा. हा पक्षी उन्हाळ्यात प्रेअरीवर आणि पश्चिमेकडच्या मोकळ्या रानांत घरटं करतो, बिळातल्या खारी मारून पिल्लांना भरवतो. हिवाळा आला की थेट अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ प्रदेशात, सुमारे 10,000 किलोमीटर दूर, आणि तिथे मुख्य खाणं नाकतोड्यांचं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्यूट व्हॅलीत ब्रायन वुडब्रिज या पक्ष्यांवर काम करत होते. गेलेले पक्षी परत येईनात. घरटी ठीक, खाणं ठीक, मग गडबड कुठे? त्यांनी पक्ष्यांवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली आणि 1995 च्या जानेवारीत त्यांच्या मागावर अर्जेंटिना गाठलं. तिथे शेतांत सुमारे 700 मेलेले पक्षी पडलेले होते.

पंपासचं गवत नांगरून तिथे सूर्यफूल आणि लसूणघास लावली होती. नाकतोडे माजले म्हणून शेतकऱ्यांनी मोनोक्रोटोफॉस फवारलं. हॉक त्याच नाकतोड्यांवर तुटून पडले. काहींच्या तर अंगावरच फवारा गेला. पुढच्या हंगामात मोजलेल्या मृत पक्ष्यांची संख्या 5,000 च्या वर गेली, आणि एकूण अंदाज 20,000 चा होता. नंतर उत्पादक कंपनी, अर्जेंटिना सरकार आणि संशोधक एकत्र बसले, त्या भागातून हे औषध मागे घेतलं गेलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले.

आता सांगा, प्रेअरीवरच्या कुठल्या दवाखान्याच्या वहीत हे पक्षी सापडले असते? वहीत येतो तो रस्त्याकडेला पडलेला, कुणाला तरी दिसलेला पक्षी. माझ्या आराखड्यातला ‘मृत्यूची कारणे’ हा शब्दप्रयोग मी खोडला आणि ‘दवाखान्यात पोचलेल्या पक्ष्यांच्या इजांची कारणे’ असं लिहिलं. मथळा लांबलचक झाला, होऊ दे.

मोनोक्रोटोफॉस हे नाव ओळखीचं वाटलं ना? 2017 साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा ज्या औषधांची नावं पुढे आली त्यांत हेही होतं. तुमच्यापैकी कुणी त्यावर काम करणार असाल, तर रुग्णालयाचे आकडे उतरवून घेण्याआधी एवढं विचारा: फवारणीच्या शेतातून तिथपर्यंत कोण पोचू शकत होतं?