मनी प्लांट

मनी प्लांट : (लॅ. एपिप्रेम्नम ऑरियम, कुल-ॲरेसी). अळू व सुरण यांच्या कुलातील ही सदाहरित वेल मूळची पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरची. १८८० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन ‘पोथॉस ऑरियस’ या नावाने झाले. म्हणून तिला पोथॉसही म्हणतात. पाने हृदयाकृती, चकचकीत व पिवळसर छटांची असतात. वेलीला फुले क्वचितच येतात. गिबरेलिन या संप्रेरकाची कमतरता हे त्याचे कारण आहे.

मुंबईजवळच्या दिवा, डोंबिवली, कल्याण या उपनगरांत खेटून उभ्या इमारतींमुळे खोल्यांत ऊन कमी येते. अशा मंद उजेडातही ही वेल तग धरते. उजेड फारच कमी पडल्यास पानांवरचा पिवळा रंग फिकट होतो.

लागवड : एक-दोन पेरे असलेला फाटा पेराच्या खाली कापून बाटलीतील पाण्यात ठेवतात, साधारण दोन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. कुंडीत माती, कोकोपीट व गांडूळखत घालतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात ते कमी करावे, अन्यथा मुळे कुजतात. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढविल्यास पाने मोठी होतात.

दक्षता : बाटलीतील पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलून बाटली आतून घासावी, साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा एडिस डास वाढतो. पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते. म्हणून वेल मुले व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावी.